रोहिणीच्या उन्हात भाताची कोवळी रोपे

रासायनिक खताच्या पोत्याला हात न लावता भात पिकवायचा, तर सारी भिस्त रोपांच्या तब्येतीवर असते. आणि ही रोपे जन्म घेतात ती नेमकी वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात! जबलपूर भागातले शेतकरी या पेचातून वाट कशी काढू शकतात, याचा हा मागोवा.

मे महिन्याची अखेर. दुपारचे दोन वाजलेले. जबलपूर शहराचे रस्ते ओस पडले आहेत. घरोघरी खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कूलरची घरघर, आणि माठाभोवती ओले फडके. कैरीचे पन्हे प्यायल्याशिवाय कोणी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, की पुढचे नऊ दिवस सर्वांत तापलेले असतात असा या भागातला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. त्याला इथले लोक ‘नौतपा’ म्हणतात. २५ मेच्या सुमारास तो सुरू होतो. पारा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेला असतो आणि अंगाला चटके देणारी ‘लू’ वाहत असते.

माणसे अशी सावलीला बसलेली असताना शहराबाहेर, पाटण किंवा सिहोरा भागातल्या एखाद्या शेताच्या कोपऱ्यात चार-पाच बोटे उंचीची पोपटी रोपे मात्र उघड्यावर उभी असतात. त्यांच्या डोक्यावर ना छप्पर, ना पायाशी गारवा. आणि त्या घराचे पुढच्या वर्षभराचे धान्य, मुलांच्या शाळेचा खर्च, सावकाराचे किंवा सोसायटीचे देणे, हे सारे त्या चार गुंठ्यांच्या हिरव्या तुकड्यावर अवलंबून असते.

पाणी आले, भात आला

जबलपूरचे नाव मराठी माणसाला अपरिचित नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि आजही शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. भेडाघाटचे संगमरवर आणि हिवाळ्यातला कोवळा हिरवा वाटाणा यांसाठी जबलपूर सर्वांना ठाऊक आहे. पण भाताचे आगर म्हणून त्याची ओळख तुलनेने अलीकडची.

इथली जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. जुन्या काळी शेतकरी शेताभोवती उंच बांध घालून पावसाळ्याचे पाणी शेतातच कोंडून ठेवत. पावसाळा संपत आला, की बांध फोडून पाणी सोडून देत आणि त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरीत. या पद्धतीला ‘हवेली’ म्हणतात. पाण्याखाली तण कुजून जाई, जमिनीला ओल मिळे आणि वेगळे खत-पाणी न देता रब्बीचे पीक हाती येई. खरिपात शेत रिकामे राही, एवढेच.

१९९० च्या सुमारास नर्मदेवरचे बरगी धरण पूर्ण झाले. धरणासाठी अनेक गावांना आपल्या जमिनी आणि घरे सोडावी लागली. त्यांच्या त्यागातून खालच्या भागात कालव्याचे पाणी खेळू लागले. जोडीला बोअरही आले. मग खरिपात शेत रिकामे कशाला ठेवायचे? पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात गहू किंवा वाटाणा, अशी दोन पिके घेण्याची रीत रुळली.

पण दोन पिके घ्यायची तर घाई आली. भात लवकर निघाला, तरच वाटाणा वेळेवर पेरता येतो. म्हणून ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते पावसाची वाट न पाहता मेच्या शेवटच्या आठवड्यातच रोपवाटिका टाकतात. या भागात मोसमी पाऊस पोचतो साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे जन्मल्यापासून तीन-साडेतीन आठवडे रोपांनी निव्वळ उन्हाशी झुंजायचे!

सेंद्रिय शेतकऱ्याची अडचण वेगळी

कोणी विचारील, ऊन तर सर्वांच्याच रोपांना लागते, मग सेंद्रिय शेतीचे वेगळे दुखणे ते काय?

दुखणे आहे, आणि तेही तिहेरी. पहिली गोष्ट अशी, की रोपे पिवळी पडली तर शेजारचा शेतकरी मूठभर युरिया टाकतो आणि आठवड्याभरात ती पुन्हा हिरवी दिसू लागतात. सेंद्रिय शेतकऱ्याच्या हाती असा झटपट उतारा नसतो. शेणखत असो की गांडूळखत, त्याचे काम सावकाश चालते. आज दिलेल्याचा गुण उद्या दिसत नाही.

दुसरी गोष्ट तणाची. भातशेतीतला खरा शत्रू तण. ते किती मोठे संकट आहे हे सांगायला जबलपूरइतके योग्य गाव नाही, कारण तणांवर संशोधन करणारी देशाची राष्ट्रीय संस्था १९८९ पासून याच शहरात आहे. रसायने वापरणाऱ्याला तणनाशकाचा आधार असतो. सेंद्रिय शेतकऱ्याचे तणनाशक म्हणजे त्याचे जोमदार रोप. तीन-चार पानांचे, जाड बुडाचे रोप चिखलात लावले आणि वर बोटभर पाणी ठेवले, की तण उगवण्याआधीच भाताने जागा धरलेली असते. पण तेच रोप उन्हाने पोळून खुरटलेले असेल, तर लावणीनंतर ते दहा-बारा दिवस नुसते जीव धरून बसते. तेवढ्यात तण वर येते. मग घरातल्या बायकांना पावसात कमरेत वाकून आणखी एकदा, कधी दोनदा, निंदणी करावी लागते.

तिसरी गोष्ट बियाण्याची. सेंद्रिय शेती करणारे बरेचजण घरचे, जुन्या वाणाचे बियाणे राखतात. ते दुकानात मिळत नाही. रोपवाटिका जळाली तर केवळ हंगाम जात नाही, वाणच हातचा जातो.

या शेवटच्या मुद्द्याचे मोल जबलपूरपासून दूर नसलेल्या रायपूरच्या एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी ओळखले होते. डॉ. आर. एच. रिछारिया हे आधी कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी तेव्हाच्या मध्य प्रदेशात, मुख्यतः छत्तीसगडात गावोगाव फिरून भाताचे सुमारे १९,००० नमुने गोळा केले. कमी पाण्यात येणारे, खोल पाण्यात तगणारे, लवकर पिकणारे, सुगंधी असे नाना गुणांचे वाण त्यात होते. शेतकऱ्यांच्या आज्या-पणज्यांनी हंडीत आणि कणगीत जपलेले हे धन होते. जबलपूर विभागातल्याच बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर या सुगंधी तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही अशाच घरोघरच्या जपणुकीचे फळ.

ऊन रोपाला नेमके काय करते?

भात हे उष्ण प्रदेशातले पीक. मग त्याला उन्हाचे वावडे कसे, हा प्रश्न साहजिक आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ योशिदा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भाताच्या प्रत्येक अवस्थेला मानवणारे तापमान दिले आहे. बी ४५ अंशांपर्यंतही तग धरून रुजू शकते, परंतु अंकुर वर येऊन रोप स्थिरावण्यासाठी २५ ते ३० अंश तापमान उत्तम. पारा ३५ अंशांच्या वर गेला, की रोपाला त्रास सुरू होतो. मुळे फुटण्यालाही २५ ते २८ अंश मानवतात आणि इथेही ३५ ची लक्ष्मणरेषा आहेच. जबलपूरचा मे महिना ही रेषा सकाळी दहा-अकरालाच ओलांडतो.

रोप स्वतःला थंड कसे ठेवते? आपल्याला घाम येतो, तसे ते पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर टाकते. ते पाणी वाफ होऊन उडाले, की पान गार राहते. पण दहा दिवसांच्या रोपाचे मूळ ते केवढे! लू वाहू लागली, की पानातून पाणी जितक्या वेगाने उडते तितक्या वेगाने ते मुळांना खेचता येत नाही. मग रोप छिद्रे मिटून घेते आणि पान सुरळीसारखे वळते. पाणी वाचते खरे, पण पान तापू लागते. तेवढ्या वेळात अन्न तयार होणेही थांबते. शेंडे पांढरे पडतात, पानांवर फिकट आडवे पट्टे उमटतात आणि वाढ खुंटते.

वरून सूर्य, तशी खालून जमीन. उघडी काळी माती दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. अनवाणी पायांना जे सोसत नाही, ते कोंबाच्या कोवळ्या बुडाला कसे सोसेल?

पाणी तारक, तेच मारकही

ऊन वाढले की पाणी भरून ठेवावे, हा पहिला विचार कोणाच्याही मनात येतो. पण इथेच मोठी चूक होते. बोटभर उथळ पाणी दुपारी तापून कढत होते. अशा पाण्यात प्राणवायू कमी उरतो आणि मुळे गुदमरतात. त्यात वाफ्यात अर्धकच्चे शेणखत घातलेले असेल, तर ते गरम पाण्यात आणखी वेगाने कुजते, घातक वायू सुटतात आणि चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. उपटून पाहावे तर पांढऱ्या मुळांच्या जागी काळी मुळे हाती येतात.

म्हणून पाण्याचे नियम साधे, पण कटाक्षाने पाळण्याचे आहेत. पाणी द्यायचे ते सूर्य कलल्यावर, संध्याकाळी. रात्रभर माती गार होते, मुळांना निवांतपणे पाणी पिता येते. सकाळी वाफ्यातले जादा पाणी सरीत काढून टाकायचे, म्हणजे दुपारी ते तापण्याचा प्रश्नच उरत नाही. माती ओली हवी, डबडबलेली नको. एखाद्या दिवशी दुपारी पाणी साचून तापलेच, तर ते आधी बाहेर सोडावे आणि मग संध्याकाळी ताजे पाणी द्यावे. तापलेल्या पाण्यातच नवे पाणी मिसळत राहण्याने फार उपयोग होत नाही.

उन्हात पडून राहिलेल्या पाइपातले पहिले पाणी तर चहाच्या आधणासारखे असते. ते बाजूला वाहू द्यावे आणि गार पाणी येऊ लागले, की मग वाफ्याकडे वळवावे. ही एवढीशी गोष्ट, पण अनेक रोपे तिच्यापायी जातात.

वाफा घालतानाच अर्धे काम

उन्हापासून बचाव रोपे उगवल्यावर सुरू होत नाही, तो जागा निवडतानाच सुरू होतो. विहिरीजवळची, पाण्याचा निचरा होणारी आणि पश्चिमेला एखादे झाड असलेली जागा उत्तम. सकाळचे ऊन रोपांना हवेच असते. दुपारी दोननंतर आंब्याची किंवा मोहाची सावली वाफ्यावर सरकत आली, तर दिवसातले सर्वांत वाईट तास टळतात. मात्र झाडाच्या अगदी बुडाशी वाफा नको, तिथे झाडाची मुळेच पाणी पितात.

वाफा गादीसारखा उंच करावा. रुंदी एक मीटर, उंची चार ते सहा बोटे, आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी खेळवण्यासाठी सरी. सरीतून पाणी दिले, की वाफा खालून भिजतो आणि रोपे पाण्यात बुडत नाहीत.

खत घालावे ते पूर्ण कुजलेलेच. मुठीत घेतले तर भुसभुशीत लागले पाहिजे आणि त्याला शेणाचा नव्हे, पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास आला पाहिजे. कच्चे शेणखत कुजताना स्वतःच उष्णता सोडते. शिवाय वाळवीला आमंत्रण देते. निंबोळी पेंड घालायची तर पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी मातीत मिसळून पाणी द्यावे.

महाराष्ट्रातल्या भातउत्पादकांना डॉ. नारायण सावंत यांनी दिलेली ‘चारसूत्री’ माहीत आहे. त्यातले पहिले सूत्र इथे चांगले उपयोगी पडते. भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो याप्रमाणे वाफ्यात मिसळायची. त्या राखेतून रोपांना सिलिका मिळते, पाने आणि बूड कणखर होते. राख मातीत नीट मिसळली मात्र पाहिजे. काळी राख वरच पसरून राहिली, तर ती ऊन शोषून वाफा आणखी तापवील. चारसूत्रीतले युरिया-डीएपीच्या गोळ्यांचे सूत्र सेंद्रिय शेतकरी अर्थातच सोडून देतो.

कोकणात वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून ‘राब’ भाजण्याची जुनी चाल आहे. त्याने तणाचे बी मरते, हे खरे. परंतु त्यापायी डोंगरातल्या झाडांच्या फांद्या जातात आणि जमिनीतला सेंद्रिय अंशही जळतो. त्याऐवजी वाफा पंधरा दिवस आधी भिजवून तण उगवू द्यावे आणि हलक्या हाताने खुरपून काढावे. तेच काम धुराशिवाय होते.

बियाणे पारखण्यासाठी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकतात. पोचट बी तरंगते, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. भरलेल्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी अधिक असते आणि उन्हाचे पहिले दिवस तो त्या शिदोरीवर काढतो. मग दहा किलो बियाण्याला पाव-पाव किलो अॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू-संवर्धक चोळून पेरणी करावी, तीही संध्याकाळी.

पांघरूण आणि मांडव

पेरल्याबरोबर वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी शिंपडावे. विदर्भात ज्याला तणस म्हणतात, तोच हा पेंढा. माती तापत नाही, ओल उडत नाही आणि पाखरांनाही बी दिसत नाही. चार-पाच दिवसांनी कोंब पेंढ्यातून डोकावू लागले, की तो काढून घ्यायचा. काढायचा मात्र संध्याकाळीच. पांघरुणाखालून बाहेर आलेल्या कोंबांवर एकदम दुपारचे ऊन पडले, तर सारी मेहनत वाया जाते. काढलेला पेंढा सरीच्या कडेने अंथरला, तर तिथली ओल टिकते.

त्यानंतर मांडव. चार कोपऱ्यांना बांबू रोवून, माणूस खाली वाकून काम करू शकेल इतक्या उंचीवर अर्धे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. जाळीवर खर्च करायचा नसेल, तर पळसाच्या पानांच्या फांद्या विरळ पसरल्या तरी चालते. मे महिन्यात बाकीचे रान सुकलेले असताना पळस ताज्या पानांनी भरलेला असतो, जणू याच कामासाठी! वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, तुराट्यांच्या ताट्या उभ्या केल्या, की लूचा जोर मोडतो. आपण खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो, तसाच हा रोपांचा पडदा. पाण्याची सोय असेल त्यांनी एप्रिलच्या मध्यास वाफ्याच्या पश्चिम कडेला धैंचा दाट पेरावा. मेअखेर त्याची हिरवी भिंत होते आणि पुढे तीच चिखलात गाडली, की खत होते.

प्लॅस्टिकचा कागद मात्र अंथरू नये. जपानच्या थंड भागांत रोपांना ऊब मिळावी म्हणून वाफ्यावर प्लॅस्टिक घालतात. आपल्याला हवे आहे ते नेमके उलट. इथे प्लॅस्टिकखाली रोपे वाफवून निघतील.

सावलीचाही अतिरेक नको. दिवसभर सावलीत वाढलेले रोप उंच, लुळे आणि फिकट होते. जाळी अकरा ते चार एवढ्या वेळेपुरती असावी. लावणीच्या चार-पाच दिवस आधी ती पूर्ण काढून रोपांना उघड्यावर राहण्याची सवय करावी. लेकीला सासरी पाठवण्याआधी घरातले चार कामे शिकवतात, तसेच हे!

दहाव्या दिवसानंतर जीवामृत पाण्यातून संध्याकाळी द्यावे. गोमूत्र फवारायचे तर एकास दहा पाणी घालूनच. निखळ गोमूत्राने कोवळी पाने करपतात आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो.

रोग एक, औषध दुसरे असे नको

पाने पिवळी दिसली, की ‘ऊन लागले’ म्हणून मोकळे होण्याआधी जवळ बसून पाहावे.

• दुपारी वळलेले पान संध्याकाळी उलगडत असेल, तर ती साधी तहान. सकाळीही वळलेलेच असेल, तर मात्र तातडीने पाणी आणि सावली द्यावी.

• शेंडे पांढरे आणि पानावर फिकट आडवे पट्टे, ही उन्हाची खूण. नवे पान निरोगी येत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

• जुनी पाने हिरवी, पण नवे पान पिवळट-पांढरे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही लोहाची कमतरता. कोरड्या पडलेल्या वाफ्यात ती दिसते. वाफा काही दिवस चांगला ओला राखला आणि कुजलेले खत दिले, की ती बहुधा सुधारते.

• जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची भूक.

• मधूनच झुबके वाळले आणि ओढताच सहज हाती आले, तर मुळाशी वाळवी पाहावी.

• बूड मऊ, मुळे काळी आणि घाण वास, तर गरम साचलेले पाणी आणि कच्चे खत हेच गुन्हेगार.

तिथी बदलली तर?

सर्वांत स्वस्त सावली कोणती, असे विचारले तर उत्तर येईल, ढगांची! नौतप्यात पेरून रोपे जगवण्याची कसरत करण्यापेक्षा मृगाच्या तोंडावर पेरले तर निम्मे संकट आपोआप टळते. पण मग भात उशिरा निघेल आणि वाटाणा हुकेल, ही धास्ती असते.

इथे मादागास्करमधली एक पद्धत मदतीला येते. आँरी द लोलानी या फ्रेंच धर्मगुरूंनी १९८३ मध्ये तिथल्या गरीब शेतकऱ्यांबरोबर काम करताना पाहिले, की जेमतेम पंधरा दिवसांचे रोप एकेकटे, दूर दूर लावले तर त्याला फुटवे भरपूर येतात. मध्य प्रदेशात ही पद्धत ‘श्री’ या नावाने ओळखली जाते. यात ८ ते १२ दिवसांची रोपे २५ सेंटीमीटरच्या अंतराने लावतात. नेहमीच्या रीतीने एका एकराला चार गुंठे रोपवाटिका लागते, तर ‘श्री’ला अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागा आणि सुमारे दोन किलो बी पुरते.

हिशेब सरळ आहे. चार गुंठ्यांवर जाळी बांधणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, पण अर्ध्या गुंठ्यावर सहज परवडते. पंचवीस दिवस रोपे जपायची तिथे दहा-बारा दिवस जपली की पुरे. पेरणी पंधरा दिवस पुढे ढकलली, तरी लावणीची तारीख जवळपास तीच राहते. अडचण एवढीच, की एवढी लहान रोपे लावायला शेत सपाट हवे, पाणी आपल्या ताब्यात हवे आणि तण काढायला कोळपे फिरवावे लागते. पाणी साचणाऱ्या खोलगट शेतात ही रोपे बुडून जातात. तिथे जुनी रीतच बरी.

रायगड जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी तर रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी यांना फाटा देणारे ‘सगुणा राइस तंत्र’ विकसित केले आहे. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचे. मात्र त्यात तणासाठी तणनाशकाचा आधार घेतला जातो. त्यामुळे सेंद्रिय शेतकऱ्याला ते जसेच्या तसे उचलता येत नाही.

एकाच डावावर सारे लावू नये

इतके करूनही निसर्गापुढे कोणाचे चालते? २०२२ चा मार्च महिना देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला मार्च ठरला आणि २०२४ हे सबंध वर्षच सर्वांत उष्ण ठरले. रात्रीही आता पूर्वीसारख्या गार होत नाहीत. फिलिपिन्समधल्या त्याच संस्थेच्या शेतांवरील नोंदी २००४ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा रात्रीचे तापमान एका अंशाने वाढले तर भाताचे उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटते असे आढळले होते.

म्हणून जाणती माणसे सारे बियाणे एकदम पेरीत नाहीत. दोन हप्त्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरतात आणि तिसरा हिस्सा घरात राखून ठेवतात. पहिला वाफा पोळला तर दुसरा हाताशी असतो. दोन्ही गेले तरी कणगीत वाण शिल्लक राहतो. रोपे थोडी कमी पडली तर लावणीनंतर चांगले फुटवे आलेली झाडे मुळासकट विभागून रिकाम्या जागी लावता येतात. डॉ. रिछारियांनी भाताची अशी फुटव्यांपासून वाढ करण्याचा पुरस्कार केला होता.

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात १९६४ पासून या भागाच्या पिकांवर काम चालते. वाण, पेरणीची वेळ आणि जिवाणू-संवर्धके यांबाबत तिथला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेणे केव्हाही शहाणपणाचे.

ताटातला भात

या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोठा वाटा असतो तो घरातल्या बायकांचा. संध्याकाळी झारीने पाणी घालणे, सकाळी सरी मोकळी करणे, अकराला जाळी ओढणे आणि चारला गुंडाळणे, ही कामे स्वयंपाक आणि मुले सांभाळून त्याच करतात. कोकणात ‘तरवा’, विदर्भात ‘पऱ्हे’, जबलपूरला ‘रोपा’, नावे निराळी, पण जपणारे हात सारखेच.

शहरात बसून सेंद्रिय तांदळाच्या पिशवीवरची किंमत वाचताना आपल्या कपाळावर आठी पडते. ते स्वाभाविकही आहे. पण त्या किमतीत केवळ खत आणि मजुरी नसते. मेच्या भर दुपारी स्वतः उन्हात उभे राहून चार बोटांच्या रोपांवर धरलेली सावलीही तीत असते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी विंध्याच्या अंगाने ढग भरून येतात. पहिली सर कोसळते आणि तापलेल्या काळ्या मातीतून वाफ उठते. घरातली माणसे धावत वाफ्याकडे जातात आणि वरची जाळी सोडून घेतात. आता तिची गरज नसते. महिनाभर पान वळवून, जीव मुठीत धरून उभी असलेली रोपे सकाळी पाहावीत तर ताठ, गर्द हिरवी! मग घरात लावणीच्या दिवसाची बोलणी सुरू होतात.